पिशवी मिळाली का?

इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या पहिल्या दिवशी पणजीत कुणी सिनेमाबद्दल बोलताना दिसलं, तर खुशाल समजावं, त्याला प्रतिनिधींची पिशवी मिळाली आहे. ज्यांना मिळालेली नसते ते फक्त पिशवीबद्दल बोलतात. मांडवीकाठच्या जुन्या गोवा मेडिकल कॉलेजच्या आवारात (पूर्वी इथे रुग्ण तपासत, आता ओळखपत्रं) रांगेतून सुटणाऱ्या प्रत्येक खांद्याकडे उरलेले टक लावून बघत असतात.

"यंदा चेन बरी दिलीय," माझ्या पुढच्या दादरच्या काकू म्हणाल्या. त्या दरवर्षी येतात. जुन्या पिशव्यांपैकी एकीत कांदे-बटाटे, एकीत इस्त्रीचे कपडे. गेल्या सालची भाचीला दिली, पट्टा टोचायचा म्हणून. महोत्सवाचा सुवर्ण मयूर पुरस्कार कुणी पटकावला, हे मात्र त्यांना एकाही वर्षीचं आठवेना.

१९५२ साली मुंबईत हा महोत्सव पहिल्यांदा भरला, तेव्हा बिमल रॉय डी सिकाचा 'बायसिकल थीव्ज' पाहून भारावले आणि पुढच्याच वर्षी त्यांचा 'दो बिघा जमीन' आला. त्यांना बहुधा पिशवी दिली नसावी. २००४ साली महोत्सव गोव्यात आला आणि निम्म्या महाराष्ट्राला दर नोव्हेंबरात जागतिक सिनेमाची ओढ लागू लागली. घरी "अभ्यासाला चाललोय" म्हणून निघता येतं. अभ्यास असा, की इराणी चित्रपट आणि बांगड्याची थाळी एकाच वेळी आली, तर इराणने थांबायचं.

रांगेत एक फिल्म सोसायटीवाले काका असतातच. खादीचा झब्बा, खांद्याला शबनम. नवी पिशवी ते घेत नाहीत; म्हणजे घेतात, पण घडी करून शबनममध्ये सारतात. कुठल्याही चित्रपटावर त्यांचा शेरा एकच : "लांबी जरा कमी हवी होती."

"अहो, पण तो अजून लागायचाय."

"कान्सहून तसं कानावर आलंय."

संध्याकाळी समई, भाषणं, सत्कार आणि नाच यांतून वाट काढत उद्घाटनाचा चित्रपट एकदाचा सुरू झाला. तोवर तारे-तारका गेल्या होत्या, त्यांच्यामागे कॅमेरे, कॅमेऱ्यांमागे गर्दी. राहिलो आम्ही, पिशव्या मांडीवर घेऊन. चित्रपट गंभीर होता. पहिल्या अर्ध्या तासात नायकाने बटाटे सोलले. काकूंनी "जाड साल काढतोय" एवढंच नोंदवलं. मग त्याने दिवा मालवला, पडदा काळाकुट्ट झाला आणि त्या अंधारात सगळ्या खुर्च्यांमध्ये मोबाइल उजळले. उद्याची तिकिटं संपत आली होती.

"तुमचंही काढलंय हो," काकू कुजबुजल्या, "सकाळचा, हंगेरी. चालेल ना?"

पडद्यावर नायक रडायला लागला होता. मी विचारलं, "साडेबाराच्या आत सुटेल?"

"नाही सुटला तर आपण सुटायचं. खानावळीत दोघांचं सांगून ठेवलंय."