कडी-निवडीची आचारसंहिता, दाजींसाठी

आमच्या दाजींच्या गळ्यात दीड लाखाचा कॅमेरा असतो आणि तो सराफाने दिवाळीला फुकट दिलेल्या कीचेनच्या कडीला लटकलेला असतो. अशा थोर पुरुषांच्या मार्गदर्शनार्थ पुढील नियम.

दुकानात जाताना लोहचुंबक न्यावे. कडी त्याला टपकन चिकटली, तर आत बहुधा लोखंड आणि वर नुसता मुलामा. कोकणातला एक पावसाळा झाला की तुमच्या पांढऱ्या शर्टाला तांबडे डाग.

मग नख-परीक्षा. नखाने सहज उघडते ती कडी किल्ल्यांची. कॅमेऱ्याच्या कडीने नख मोडलेच पाहिजे. ती बसवायला दोन वेढ्यांच्या फटीत नाण्याची कड सारावी, आणि टोक पूर्ण आत जाईपर्यंत फिरवत राहावे. अर्ध्यात सोडलेली कडी पट्ट्याचा दोरा कापते. कडी आणि कॅमेरा यांच्यामध्ये चामड्याची चकती हवी, नाहीतर स्टील रोज थोडे थोडे कॅमेऱ्याला खाते.

डी आकाराची कडी घेताना सांधा पाहावा. तारेची टोके नुसती भिडवलेली असतील, तर ती झटक्यासरशी फाकतात. वेल्डिंग केलेलीच मागावी. दुकानदार ‘सेमच आहे’ म्हणेल.

कॅराबिनरचा मोह आवरावा. गिर्यारोहणाच्या खऱ्या कॅराबिनरवर ताकद कोरलेली असते. 20 केएन म्हणजे साधारण दोन टन. दाजींच्या जांभळ्या कॅराबिनरवर ‘चढाईसाठी नाही’ असे कोरले आहे. हे त्यांना दाखवले, तर म्हणाले, ‘‘अरे, मी कुठे चढतोय?’’ आता काय बोलणार!

पट्टा बुडाच्या ट्रायपॉडच्या भोकात अडकवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे: तो स्क्रू पाव इंची, इंचाला 20 आट्यांचा, आणि चालण्याच्या हिसक्यांनी सैल होणारा. रबरी वॉशर घालावा, घरातून निघताना स्क्रू बोटाने पिळून पाहावा. दीड किलोची लेन्स लावली असेल, तर पट्टा लेन्सच्याच पायाला बांधावा.

बकलातून पट्ट्याचे शेपूट तीन बोटे बाहेर ठेवावे. बस.

एवढे ऐकून दाजी म्हणाले, ‘‘पडला तर पडला, इन्शुरन्स आहे.’’ आमच्याकडच्या प्रत्येक बारशाचे फोटो या माणसाने काढलेत, एकातही स्वतः नाही. त्यांच्याशी वाद कोण घालणार? स्टीलच्या दोन कड्या मी ताईकडे दिल्यात. एक ते चार ते झोपतात. तेवढ्यात बसवून होतील. नाणे मात्र जाड बघून घे म्हटले आहे.