आधी एसटी, मग चष्मा

व्हीआर चष्म्याच्या जाहिरातीतलं पोरगं कायम तोंड वासून बसलेलं असतं. डोळ्यांवर खोकं, दोन्ही हात हवेत आणि खाली ओळ: आता वर्गातच अवकाश! इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या प्राथमिक शाळेसाठी वर्गणी काढून हे घ्यावं का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ‘नको’ असं आहे. अवकाशासाठी तर मुळीच नको.

कारण अवकाशाचा कारखाना कळंबच्या शेजारी, वालचंदनगरला आहे. 14 जुलै 2023 ला चांद्रयान-3 घेऊन एलव्हीएम-3 रॉकेट उडालं. त्याच्या दोन बाजूंना दोन बूस्टर होते, प्रत्येकात सुमारे 200 टन घन इंधन. त्या बूस्टरच्या 3.2 मीटर व्यासाच्या कवचाचे भाग तिथेच घडले. 3.2 मीटर म्हणजे केवढं? दोरी घ्या, खडू घ्या, पटांगणात 1.6 मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा आणि अख्खी चौथी त्यात उभी करा. मग आयुष्य वेल्डिंगमध्ये घालवलेल्या एखाद्या काकांना वर्गात बोलवा. सांध्यात केसाएवढी भेग राहिली तर काय होतं, ती शोधायला लोखंडाचाही एक्स-रे कसा काढतात, हे ते सांगतील. पोरं शंभर प्रश्न विचारतील. चष्म्याला प्रश्न विचारता येत नाही.

तीच गोष्ट पक्षी-प्राण्यांची. रोहित पक्षी पाहायला पुण्या-मुंबईची माणसं गाड्या काढून भिगवण-कुंभारगावला येतात. ते आपल्याच इंदापूर तालुक्यात आहे. कडबनवाडीच्या माळावर चिंकारा आहे. ही दोन्ही ठिकाणं एका सहलीत होतात. शाळेकडे पैसे आलेच असतील तर आधी एसटी ठरवा.

शिवाय पहिली ते चौथीच्या बहुतेक मुलांसाठी चष्मा बनवणाराच नाही म्हणतो. मेटाच्या क्वेस्ट चष्म्याला 2023 पर्यंत 13 वर्षांची अट होती, नंतर ती 10 वर आणली. दहा वर्षांखालच्यांना आजही परवानगी नाही. विकायला येणारा हे आपण होऊन सांगेलच असं नाही, तेव्हा आपण विचारायचं. मोठ्यांचंही सगळं गोड नाही. 2019 मध्ये मॅक्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेचा एकच धडा दिला, काहींना साध्या पडद्यावर, काहींना चष्म्यातून. चष्मेवाल्यांना आपण खरंच तिथे आहोत असं जास्त वाटलं, पण ते शिकले कमी. देखाव्यातच डोकं गुंतलं. रंगून जाणं आणि समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे चांगल्या शिक्षकाला कुठलाही अभ्यास न वाचता माहीत असतं.

आणखी एक. गूगलने 2015 मध्ये पुठ्ठ्याच्या चष्म्यातून शाळांना जगाच्या सहली घडवायला सुरुवात केली. 30 जून 2021 ला त्या सहलींचं अॅप बंद केलं. बऱ्याच सहली दुसरीकडे हलवल्या, पण शिक्षकाने त्यावर बसवलेली तासाची घडी मोडली ती मोडलीच. याच्या उलट, भीमेपलीकडच्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी. साध्या व्हिडिओ कॉलवरून त्यांनी मुलांना परदेशातल्या वर्गांशी बोलायला लावलं, पुस्तकांत क्यूआर कोड आणले, 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळवला. तिथे पलीकडे जिवंत माणूस होता, उत्तर देणारा.

मग चष्मा फेकून द्यायचा? नाही. तो जिथे पाय पोचत नाही तिथे वापरावा. आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकणारा मुलगा पहिले काही महिने रॉड आणि प्लेटा वाया घालवतो, हात पोळून घेतो. व्हीआर सिम्युलेटरवर तो खऱ्यासारखीच टॉर्च धरतो, समोर सांधा भरत जाताना दिसतो आणि शेवटी यंत्र दाखवतं: इथे कोन चुकला, इथे हात घाईने पुढे गेला, इथे अंतर वाढलं. पुन्हा कर. एक रॉड जळत नाही, डोळ्यांना चटका बसत नाही. वालचंदनगरच्या परिसरात पैसा खर्च करायचा तर तो इथे करावा.

आणि पळसदेवला करावा. उजनीच्या पाण्यात गेलेलं तिथलं पळसनाथाचं प्राचीन दगडी मंदिर दुष्काळी उन्हाळ्यात धरण फार खाली गेलं की उघडं पडतं. लोक गर्दी करतात, फोटो काढतात, पाऊस येतो, मंदिर पुन्हा पाण्यात. एकेका कोपऱ्याचे एकमेकांवर येणारे शेकडो फोटो घेतले की संगणक त्यांतून त्रिमिती रूप उभं करतो. त्याला मोठं बजेट लागत नाही, चांगला कॅमेरा आणि शिस्त लागते. बारामतीच्या विद्या प्रतिष्ठानच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनो, पुढच्या वेळी उजनी आटली की हे काम हातात घ्या. झालं की ते मंदिर दाखवणारा पहिला चष्मा इंदापूर तालुक्यातल्या हायस्कुलांत फिरवा.