डॉक्टर चप्पल आणि वऱ्हाडी पाऊल

उपचार संपणे आणि रुग्णाने चालू लागणे या दोन घटना दवाखान्याच्या कागदावर एकाच दिवशी घडत असल्या, तरी वऱ्हाडात त्या दोहोंच्या मध्ये चपलांच्या दुकानांची एक लांबलचक रांग उभी असते, आणि ती ओलांडताना प्लास्टर, टाके आणि इंजेक्शने यांनी न खचलेला माणूसही खचतो. अस्थिरोगतज्ज्ञ आपल्या चिठ्ठीच्या तळाशी ‘मऊ चप्पल वापरणे’ एवढ्या तीन शब्दांत जी वस्तू उरकतात, ती मुळात साधी नसते. टाचेला मागून ताठ आधार, बोटांना पुढे मोकळी रुंदी, घोट्याशी बांधता येणारा पट्टा आणि शरीराचा भार एका जागी साचू न देता साऱ्या तळपायावर पसरवणारा तळ, इतके सगळे जिच्यात एकत्र येते तिला अस्थिविकारांसाठीचे पादत्राण म्हणतात. बाजारात मात्र तिला सरसकट ‘डॉक्टर चप्पल’ म्हणतात. ही पदवी तिला कोणत्या विद्यापीठाने दिली, हे खोक्यावर छापलेले नसते.

अमरावतीचा जवाहर रोड असो की अकोल्याचा टिळक रोड, बाजारात या विषयाचे एक स्वतंत्र शास्त्र प्रचलित आहे आणि ते दोनच सूत्रांवर उभे आहे. जोडा घट्ट वाटला तर ‘वापरता वापरता सैल होते, भाऊ’ हे पहिले सूत्र, आणि सैल वाटला तर ‘मोजा घाला ना’ हे दुसरे. ही दोन्ही एकत्र वाचली असता जगात न बसणारा जोडा अस्तित्वातच नाही, असा निष्कर्ष निघतो. रुग्णाने तरीही पाय सुजल्याची तक्रार केलीच, तर त्याच्यापुढे तळावर कपाशीच्या बोंडांसारखे टणक उंचवटे असलेली एक जोडी ठेवली जाते आणि त्या उंचवट्यांनी रक्तदाबापासून निद्रानाशापर्यंत सारे काही बरे होते, असे सांगितले जाते. ज्याच्या तळपायाची संवेदना मधुमेहाने बोथट केली आहे, त्याला नेमके हेच उंचवटे न कळत टोचत राहतात आणि जखम करतात, हा तपशील त्या शास्त्रात अद्याप समाविष्ट झालेला नाही.

मापाचा प्रश्न याहून मनोरंजक आहे. भारतात चालणारे जोड्यांचे नंबर इंग्लंडचे असून, त्यातील एका नंबराचे अंतर इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे परंपरेने जवाच्या एका दाण्याएवढे, धरले जाते. परिणामी वऱ्हाडातले पाय ज्वारीच्या भाकरीवर वाढतात आणि मोजले मात्र जवाने जातात. शिवाय हा नंबर केवळ लांबी सांगतो, रुंदीविषयी मौन पाळतो, आणि शेतात अनवाणी वावरलेल्या पायाची खरी श्रीमंती तर रुंदीतच असते. म्हणून जाणते कारागीर नंबर विचारत नाहीत. ते रुग्णाला दोन्ही पायांवर समान भार देऊन कागदावर उभे करतात, पेन्सिल उभी धरून पावलाचा आकार काढतात, आणि हे काम शक्यतो संध्याकाळी करतात, कारण दिवसभरात पाय सुजतो आणि सकाळी मापलेला जोडा दिवेलागणीला चावू लागतो.

संवेदना हरवलेल्या पायासाठीच्या पादत्राणविद्येचे मूळ शोधू जाता संशोधकाला कुष्ठरोगाकडे यावे लागते, आणि तेथे अमरावतीचा अधिकार मोठा आहे, कारण डॉ. शिवाजीराव ऊर्फ दाजीसाहेब पटवर्धन यांनी १९४६ साली येथेच तपोवन ही कुष्ठरुग्णांची वसाहत उभारली. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंना इजा करतात. १९८२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारलेल्या बहुविध औषधोपचाराने, म्हणजे अनेक औषधे एकत्र देण्याच्या पद्धतीने, सहा महिने ते वर्षभरात रोग बरा होतो, पण मेलेली संवेदना सहसा परत येत नाही. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा डांबराचा चटका अशा पायाला कळत नाही, काटा मोडला तरी कळत नाही, आणि वेदना नाही म्हणून माणूस त्याच पायाने चालत राहतो. वेल्लोरला काम करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी हे ओळखले की अशा पायाची बोटे रोगाने झडत नसून दुर्लक्षित जखमांनी नष्ट होतात, आणि त्यातून मायक्रोसेल्युलर रबराची, म्हणजे हवेच्या सूक्ष्म पोकळ्यांनी भरलेल्या मऊ रबराची, चप्पल पुढे आली. तिचे नियम बारकाईने पाहण्याजोगे आहेत. तिच्यात खिळा चालत नाही, कारण खिळा वर आला तर पायाला ते समजणार नाही. अंगठ्यात अडकवायची चप्पलही चालत नाही, कारण दुबळ्या बोटांना ती धरून ठेवता येत नाही. आणि टाचेमागे पट्टा हवाच.

ही चप्पल सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमातून मोफत मिळत असूनही अनेकांनी ती घालण्याचे टाळले. तिचा विशिष्ट घाट दुरूनच ओळखू येई आणि जो रोग औषधाने गेला होता त्याची जाहिरात ती चप्पल गावभर करीत असे. बाजारातल्यासारखी दिसणारी पादत्राणे बनवण्याकडे कारागिरांना वळावे लागले ते याच कारणाने. तळपायाला वाचवताना माणसाच्या अब्रूचे माप घ्यायचे राहून गेले होते, असे येथे नोंदवावे लागते.

ज्याला केवळ गुडघ्याने किंवा घोट्याने दगा दिला आहे, त्याची अडचण इतकी गंभीर नसली तरी अधिक गोंगाटाची असते. डॉक्टर सांगतात की घरातही अनवाणी चालू नये, आणि घर मात्र उंबरठ्यापाशीच विचारते, ‘काहून बाप्पा, चपला घालून सैपाकघरात येऊन राह्यले?’ यावर घरची जोडी वेगळी आणि बाहेरची वेगळी, असा तह होतो. पण दोन्ही जोड्या सारख्याच दिसत असल्यामुळे आत असलेली जोडी कालच अंगणातल्या काळ्या चिखलातून आली होती की काय, यावर रोज नवी सुनावणी भरते. अंबादेवीच्या किंवा राजराजेश्वराच्या दर्शनाला गेल्यावर तर तह उपयोगी पडत नाही. तेथे चप्पल काढावीच लागते, आणि रुग्ण हात जोडून उभा असताना त्याचे निम्मे लक्ष बाहेरच्या रॅककडे असते. वस्तुतः एवढी बोजड जोडी चोराच्या नजरेत भरण्याची शक्यता फारशी नसते.

खरी कोंडी होते ती शस्त्रक्रिया झालेल्या पायाला नऊ नंबर आणि दुसऱ्याला आठ नंबर लागू लागतो तेव्हा. विजोड पादत्राणे घालून हिंडणाऱ्या गाडगेबाबांच्या जिल्ह्यात तरी विजोड जोडा मिळावा, ही अपेक्षा वाजवी असली तरी दुकानदार एकेक पाय विकत नाही, त्यामुळे दोन जोड्यांचे पैसे मोजावे लागतात आणि घरी एक डावा नऊ व एक उजवा आठ असे दोन अनाथ जोडे उरतात. मग अमरावती ते अकोला सोयऱ्याधायऱ्यांत फोन सुरू होतात, मूर्तिजापूरचे साडू जिन्यावरून घसरल्याची बातमी कळताच त्यांना तातडीने फोन लावला जातो, आणि तब्येतीच्या चौकशीआधी पहिला प्रश्न विचारला जातो तो असा, ‘डावा का उजवा?’