टॅरोटकाकूंची छाननी

टॅरोटकाकूंकडे भविष्य विचारायला जाणाऱ्याने थोडी सवड काढूनच जावं. भविष्य त्या लगेच सांगतील. पण ते पत्त्यांच्या कुठल्या डेकवर सांगायचं, हे आधी ठरायला हवं ना! इतरांच्या शोकेसमध्ये लग्नात आलेले टी-सेट असतात, काकूंच्या शोकेसमध्ये खणाच्या कापडात गुंडाळलेले डेक ओळीने बसलेले असतात. काकू एकेकाला उचलतात, कपाळाशी नेतात आणि परत ठेवतात. "हा आज बोलायच्या मूडमध्ये नाहीये." समोरचा माणूस तोवर घोटभर चहा पिऊन घेतो.

हल्ली प्रत्येक सोसायटीत एक रेकीवाल्या ताई, एक सुजोकवाले काका आणि एक टॅरोटकाकू असतातच. आमच्या डोंबिवलीतल्या काकूंचं वेगळेपण हे, की त्या बँकेच्या कर्जविभागातून निवृत्त झाल्यात. सातबारा असो की पगारपत्रक, पहिल्या नजरेत कशावर विश्वास ठेवणं त्यांच्या रक्तातच नाही. निवृत्तीनंतर तपासायला अर्ज उरले नाहीत, तेव्हा ती सगळी छाननी पत्त्यांच्या वाट्याला आली. त्यासाठी लाल कापडी बांधणीची एक वही आहे. डेकचं नाव, आल्याची तारीख, स्वभाव, उणिवा, निर्णय असे तिच्यात रकाने आखलेले आहेत.

नवा डेक घरात आला की आधी त्याची अंगकाठी बघितली जाते. टॅरोटचा पत्ता साधारण ७ सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर उंच. असे ७८ पत्ते हातात धरून पिसायचे म्हणजे काकूंच्या तळव्याची कसोटीच. कागद जाड असला तर "पिसताना मनगट बोलतं", गुळगुळीत असला तर "हातातून निसटतो, भरवशाचा नाही". कडांना सोनेरी मुलामा असला तर पत्ते सुरुवातीला एकमेकांना चिकटून बसतात, त्यावर शेरा पडतो, "श्रीमंत आहे, पण मोकळा नाही." मग पाठ. पाठीवरच्या नक्षीला वर-खाली अशी बाजू असली की अर्ज तिथेच फेटाळला. कारण उलटा आलेला पत्ता वेगळा वाचायचा असतो, आणि पाठीवरूनच उलटा-सुलटा कळला तर, काकूंच्या शब्दांत, "पेपर आधीच फुटला की!"

पुढची पायरी वानगीची. काकू सगळे पत्ते बघत बसत नाहीत. मूर्ख, मृत्यू, कोसळता मनोरा आणि तलवारींची तिर्री एवढे चारच बाजूला काढतात. या चौघांत चित्रकाराने कच खाल्ली नसेल तर बाकीचे चौऱ्याहत्तर बघण्यात अर्थ. मांजरांचा एक डेक भाचीने मोठ्या प्रेमाने अमेरिकेहून आणला होता. तो इथेच गळला. "मनोरा कोसळतोय आणि मांजर आपलं पंजा चाटतंय. माणसाने बोध काय घ्यायचा?"

यातून पार झालेल्याची मुलाखत होते. ही पद्धत काकूंची नव्हे, जगभरचे टॅरोटवाले नव्या डेकला प्रश्न विचारतात आणि उत्तरादाखल त्याच्यातूनच पत्ते काढतात. तुझी ताकद काय, उणीव काय, मला काय शिकवशील, आपलं जमेल का. थाट सगळा कांदेपोह्यांचा. फक्त पोहे काकूंचे यजमान, म्हणजे काकाच खातात. एकदा "आपलं जमेल का" या प्रश्नावर कोसळता मनोरा आला. काकू म्हणाल्या, "स्पष्टवक्ता आहे." काका पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाले, "अगं, नकार दिलाय त्याने."

काकूंचा पहिला डेक म्हणजे रायडर-वेट. तो १९०९ साली लंडनमध्ये निघाला. आर्थर एडवर्ड वेट यांनी कल्पना सांगितल्या आणि पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काही महिन्यांत सगळी चित्रं काढून दिली. डेकच्या नावात प्रकाशक आला, लेखक आला; चित्रं काढणारी मात्र वर्षानुवर्षं बाहेरच राहिली. काकूंना हे भयंकर लागतं. पत्त्याच्या कोपऱ्यातली वेलीसारखी गुंतलेली तिची सही त्या प्रत्येक पाहुण्याला बोट ठेवून दाखवतात. "नोट हिने लिहायची आणि वर सही साहेबांची! मी नाही का पाहिलंय?" म्हणून त्यांच्या वहीत या डेकची नोंद फक्त 'स्मिथ' अशी आहे. स्मिथबाईंनी साध्या, म्हणजे आकड्यांच्या पत्त्यांवरही प्रसंग रंगवले. तलवारींच्या दश्शीत माणूस पालथा पडलाय आणि पाठीत दहा तलवारी. काही न शिकलेला माणूसही बघून म्हणेल, याचं काही खरं नाही. पण काकूंना वाटतं, हा डेक फार सोपा. "यात माझं कौशल्य ते काय?"

या एका वाक्याने पुढचे सगळे खर्च घडवले.

कौशल्य दिसावं म्हणून थॉथ आला. अलिस्टर क्रौलीच्या योजनेवरून लेडी फ्रीडा हॅरिस यांनी १९३८ ते १९४३ या काळात तो रंगवला, आणि पत्त्यांच्या रूपात तो छापून आला १९६९ मध्ये, दोघंही गेल्यानंतर. चित्रं अशी, की बघता बघता गरगरावं. काकू खूश होत्या. पण अडचण निघाली ती अक्षरांची. या डेकमध्ये साध्या पत्त्यांखाली अर्थच छापलेला असतो, आणि तोही इंग्रजीत: दुःख, क्रौर्य, अपयश, सर्वनाश. वरच्या मजल्यावरचा मुलगा कॅनडाच्या व्हिसाचं विचारायला आला आणि काकूंनी तोंड उघडायच्या आत 'अपयश' वाचून मोकळा झाला. काकूंनी परोपरीने सांगितलं, की ही अडथळ्यातली संधी आहे. तो म्हणाला, "काकू, छापलंय ना खाली." वहीतला शेरा: "ग्राहकाला परस्पर माहिती देतो. नामंजूर."

मग मार्सेय. ही जुनी फ्रेंच पद्धत, इथे साध्या पत्त्यांवर प्रसंगच नाहीत. सात नाणी म्हणजे सात नाणी. बावीस मोठे पत्ते आणि राजा-राणीसारखे दरबारी पत्ते तेवढे चित्रांचे. मोठ्यांतल्या तेराव्यावर, म्हणजे मृत्यूवर, परंपरेने नावसुद्धा लिहीत नाहीत. इथे कौशल्याला रान मोकळं होतं. काकूंनी सात नाणी समोर ठेवली आणि बराच वेळ बघत राहिल्या. शेवटी बँकेतल्या संस्कारांनी उचल खाल्ली आणि त्या म्हणाल्या, "बरोबर आहेत सात."

लेनोर्मां काकूंना आवडला, कारण तो मुद्द्याचं बोलतो. ३६ पत्ते, जहाज, घर, पत्र, साप, शवपेटी. शेजारशेजारचे जोडून वाचायचे. पत्राशेजारी साप आला की काकू म्हणत, "कागदावर सही करताना जपा." फ्रान्समधल्या ज्या प्रसिद्ध भविष्यवेत्त्या लेनोर्मांबाईंचं नाव त्याला आहे, त्या १८४३ मध्ये वारल्या आणि नाव चिकटलं ते त्यानंतर. पत्ते मुळात एका जर्मन घरगुती खेळातले. हे कळल्यावर काकूंचा विश्वास डळमळला. "म्हणजे बाईंच्या नावावर कर्ज, आणि सही भलत्याचीच!"

मग देशी काहीतरी हवं म्हणून काकू सावंतवाडीला गेल्या आणि दशावतारी गंजिफा घेऊन आल्या. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा, असे १२० गोल, लाखेने चमकणारे पत्ते. पिसायला घेतले तर दोन घरंगळत सोफ्याखाली गेले. त्यातून दुसरा पेच: रामापुढे हात जोडायचे, की त्याला "आमच्या बंड्याचं प्रमोशन कधी" विचारायचं? गंजिफा आता देव्हाऱ्याशेजारी आहे. वहीत निर्णयाच्या रकान्यात नुसतं "नमस्कार" लिहिलंय.

काकूंच्या या खटाटोपात एक गोष्ट त्यांच्या अजून लक्षात आलेली नाही. सोसायटीच्या मात्र कधीच आलीय. डेक कुठलाही असो, काकू सांगतात तेच. तळमजल्यावरच्या वहिनींनी जागा विकावी की नाही, हे वेगवेगळ्या डेकवर विचारून पाहिलं. सगळीकडून एकच उत्तर: "घाई नको, आधी कागद पूर्ण करा." प्रेमीजनांचा पत्ता आला की काकू म्हणतात, "दोन अर्जदार आहेत, दोघांच्याही सह्या लागतील." मृत्यूचा आला की, "घाबरू नका, जुनं खातं बंद होऊन नवं उघडतंय." तारा आला की, "मंजूर आहे, पण हप्ता वेळेवर." आणि गंमत म्हणजे लोकांना हेच हवं असतं. जागेचा व्यवहार, मुलाचं लग्न, भावाशी अबोला, कशातच त्यांना कुणी शांतपणे "कागद दाखवा" म्हटलेलं नसतं. काकू माणसाच्या तोंडाकडे आधी बघतात आणि पत्त्याकडे नंतर. हातातला रुमाल कोण पिळतंय, नवऱ्याचं नाव निघताच कोण छताकडे बघतंय, हे कर्जाच्या टेबलावर शिकलेलं वाचन ७८ पत्त्यांत छापलेलं नाही. पण हे काकूंना सांगायचं कुणी? सांगितलं तर त्यासाठी वेगळा डेक मागवतील.

काकांना या सगळ्यात रस नव्हता. रमीवाला माणूस, त्यांनी मार्सेय चाळून एवढंच विचारलं, "गुलाम दोन-दोन कशाला?" पण मध्ये नातवाने त्यांना मोबाइलवर वाचून दाखवलं, की टॅरोट पंधराव्या शतकात इटलीत खेळ म्हणूनच सुरू झाला, भविष्याचं खूळ त्याला तीनशे वर्षांनी अठराव्या शतकात लागलं, आणि फ्रान्समध्ये लोक आजही ७८ पत्त्यांचा टॅरोट चवीने खेळतात. चौघं भिडू, प्रत्येकाला अठरा पत्ते, मध्ये सहा, आणि मोठे पत्ते म्हणजे एक ते एकवीस हुकूम. काकांनी काकूंकडे बघितलं नाही. शोकेस उघडून सरळ मार्सेय काढला.

आता संध्याकाळी गॅलरीत चौघांचा डाव बसतो. कुणीतरी पोप टाकतो, त्याच्यावर काका आनंदाने मृत्यू आपटतात, कुणी सैतान मारतो आणि सुजोकवाले "थांबा, जग आहे माझ्याकडे!" म्हणून हात उचलून नेतात. काकू आतून दोनदा ओरडून झाल्या, की पत्त्यांची ऊर्जा बिघडेल. तिसऱ्यांदा बाहेर आल्या, काकांच्या खांद्यामागे उभ्या राहिल्या, त्यांचे अठराही पत्ते पाहिले, समोरच्या तिघांच्या तोंडाकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "संन्यासी टाका. समोर दम नाहीये." काकांनी टाकला. हात आला.

रात्री लाल वहीत मार्सेयच्या ओळीत नवी नोंद झाली. स्वभाव: खेळकर. उणिवा: आढळल्या नाहीत. निर्णय: खाते काकांच्या नावे वर्ग, जामीनदार स्वतः.