पेनड्राइव्हकर

पेनड्राइव्हकर ही प्रत्येक कार्यालयात, शाळेत, सोसायटीच्या कमिटीत आणि गणेश मंडळात किमान एक या प्रमाणात आढळणारी व्यक्ती होय. वय साधारण पन्नाशीच्या आसपास. मूळ आडनाव काहीही चालते. ओळखीची खूण किल्ल्यांच्या जुडग्यात असते. स्कूटरची किल्ली, कपाटाची किल्ली आणि त्यांच्या मधोमध टोपण हरवलेला, रबरबँड गुंडाळलेला पेनड्राइव्ह. कपाटाची दुसरी किल्ली घरात देवाच्या फोटोमागे असते. पेनड्राइव्हमधल्या मजकुराची दुसरी प्रत कुठेही नसते.

या जमातीचा उदय फ्लॉपीच्या छळातून झाला. फ्लॉपीत 1.44 मेगाबाइट मावत, आणि घरी उघडलेली फ्लॉपी ऑफिसात उघडेलच याची खात्री तिला स्वतःलाही नसे. 2000 साली सिंगापूरच्या ट्रेक कंपनीने आणि आयबीएमने अंगठ्याएवढी नवी वस्तू बाजारात आणली. आयबीएमच्या नगात 8 मेगाबाइट, म्हणजे साडेपाच फ्लॉप्या मावत. आज तेवढ्यात मोबाइलवरचे दोन-तीन फोटो बसतात. पेनड्राइव्हकरांना मात्र आपल्या पहिल्या पेनड्राइव्हची किंमत, दुकान आणि दुकानदाराने दिलेली सूट अजून तोंडपाठ असते.

सध्याचा नग 32 जीबीचा असतो. तो कॉम्प्युटरला लावल्यावर 29 जीबी आणि वर काही दिसते, आणि इथे दुकानदाराशी पहिले भांडण होते. वास्तविक यात कोणी काही खाल्लेले नसते. कंपनी 100 कोटी बाइटचा एक जीबी धरते, विंडोज तोच सुमारे 107 कोटींचा धरते. शेर आणि किलोसारखाच हा मापाचा फरक. हे पटवून दिले तरी ‘पण मग वरचे दोन गेले कुठे?’ हा प्रश्न शिल्लक राहतोच.

आतली मांडणी माळ्यासारखी असते. ‘नवीन फोल्डर’, ‘नवीन फोल्डर (2)’, ‘सोसायटी फायनल’, ‘सोसायटी फायनल नवीन’, अथर्वशीर्ष, गाडीत लावायची जुनी गाणी आणि मुलाचा दहावीचा फॉर्म. मुलगा आता नोकरीला आहे. याशिवाय झेरॉक्सच्या दुकानातून आलेला एक व्हायरसही असतो. तो खरे फोल्डर लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट मांडतो. पुतण्याने त्याला दोनदा काढले, तो दोनदा परत आला. आता घरचाच झाला आहे.

पेनड्राइव्ह काढण्याचा विधी पाहण्यासारखा असतो. कोपऱ्यातल्या चिन्हावर क्लिक करायचे, ‘आता काढायला हरकत नाही’ असा निरोप येईपर्यंत श्वास रोखून थांबायचे, मगच हात लावायचा. याला कारण होते. लिहायचा मजकूर कॉम्प्युटर आधी स्वतःच्या मेमरीत धरून ठेवी, घाईने ओढले की फाइल अर्धवट राही. विंडोज 10 च्या 2018 मधल्या सुधारणेपासून मूळ सेटिंगच असे झाले की, फाइल उतरवणे चालू नसेल तर सरळ ओढले तरी सहसा बिघडत नाही. सोवळ्याचे कारण गेले तरी सोवळे सुटत नाही.

क्लाउडशी पेनड्राइव्हकरांचे वैर मुख्यतः शब्दांतून होते. भाचा फोनवर म्हणतो, ‘‘मामा, फोटो ड्राइव्हवर टाका ना.’’ उत्तर येते, ‘‘ड्राइव्हवरच आहेत.’’ ‘‘मग लिंक पाठवा.’’ ‘‘लिंक कशाला, ड्राइव्हच घेऊन येतो.’’ आणि मामा दोन बस बदलून खरोखर येतात.

त्यांचा खरा आक्षेप असा, की क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या घरात ठेवलेले सामान. घरमालकाने उद्या नियम बदलला तर? हा आक्षेप अगदीच हवेतला नाही. गूगल फोटोजमध्ये हवे तितके फोटो फुकट ठेवण्याची सोय 1 जून 2021 पासून बंद झाली. फुकटच्या 15 जीबीत फोटो, फाइली आणि मेल असा तिघांचा संसार आहे, आणि ती जागा भरली की मेल येणेही थांबते. तेव्हापासून पेनड्राइव्हकर ही तारीख प्रत्येक लग्नकार्यात एकदा तरी सांगतात.

आणि लग्नकार्यातच त्यांचे राज्य असते. लग्नाचे सगळे चित्रीकरण 60 जीबी भरले, तर सेकंदाला 10 मेगाबिटच्या इंटरनेटवर ते वर चढवायला तेरा तासांहून जास्त लागतात. बऱ्यापैकी वेगवान पेनड्राइव्हवर तेच दहा-पंधरा मिनिटांत उतरते. फ्लेक्सच्या दुकानातही तसेच. तिथल्या कॉम्प्युटरवर आपला मेल उघडायचा, ओटीपीची वाट पाहायची आणि लॉगआउट विसरून घरी यायचे, त्यापेक्षा पेनड्राइव्ह बरा. मुरलेला पेनड्राइव्हकर तर त्यात फाइलसोबत मराठी फॉन्ट आणि पीडीएफही नेतो. नाहीतर ‘हार्दिक शुभेच्छा’चे गिचमिड होते आणि नेत्याच्या वाढदिवसाला तेच छापून लागते. स्नेहसंमेलनात ऐन वेळी नेट गेले, की क्लाउडवाली सगळी तरुण मंडळी त्या जुडग्याकडे बघू लागतात.

फजितीही तिथेच होते. 20 जीबी जागा रिकामी असताना 6 जीबीची फिल्म उतरत नाही. 32 जीबीपर्यंतचे पेनड्राइव्ह सहसा फॅट32 पद्धतीने तयार केलेले असतात आणि तिच्यात 4 जीबीहून मोठी फाइल मावत नाही. एक्सफॅटने फॉरमॅट केले की काम होते. पेनड्राइव्हकर मात्र जागा कमी पडली असे समजून जुनी गाणी पुसतात. अथर्वशीर्ष पुसत नाहीत.

बँका आणि अनेक कचेऱ्यांनी आता कॉम्प्युटरची पेनड्राइव्ह लावायची खाचच बंद केली आहे. माहिती बाहेर जाते, व्हायरस आत येतो. 2010 मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट हा व्हायरस इराणच्या नतान्झ अणुप्रकल्पात पेनड्राइव्हवाटेच शिरला असे मानले जाते. हा किस्सा पेनड्राइव्हकर धोका म्हणून नव्हे, घराण्याचा पराक्रम म्हणून सांगतात.

खरे संकट धुण्याच्या दिवशी येते. पेनड्राइव्ह पँटच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये जातो, मग तांदळाच्या डब्यात. नीट वाळला तर बहुतेकदा जगतोही. पण वस्तू मुळात ने-आण करण्याची, जन्मभर साठवण्याची नव्हे. तिच्यातला मजकूर सूक्ष्म कप्प्यांतल्या विद्युतभाराच्या रूपात असतो; वारंवार पुसून-लिहून ते कप्पे झिजतात, वर्षानुवर्षे पडून राहिले तर भार हळूहळू गळतो. हार्डडिस्क जाण्याआधी निदान कुरकुर करते. पेनड्राइव्ह एके सकाळी ‘फॉरमॅट करायचे का?’ एवढेच विचारतो.

घरात दोन दिवस सुतक असते. तिसऱ्या दिवशी भाचा येऊन फोन बघतो. फोन घेतला तेव्हा त्यानेच एक बटण चालू करून ठेवलेले असते, त्यामुळे फोटो सगळे क्लाउडमध्ये सुखरूप असतात. सोसायटीची कागदपत्रे पाठवलेल्या मेलमध्ये सापडतात. पेनड्राइव्हकर भाच्याला चहा पाजतात, पाठीवर थाप मारतात आणि संध्याकाळी बाजारात जाऊन दोन नवे पेनड्राइव्ह आणतात. सगळे फोटो क्लाउडमधून उतरवून दोन्हींवर घेतात. एक जुडग्यात जातो, दुसरा देवाच्या फोटोमागे.