अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

जानेवारीतली रात्र होती. जेवणाच्या टेबलावर दहावीच्या पूर्वपरीक्षेचे दोन गठ्ठे, शेजारी गार झालेला चहा, आणि सोमवारी सकाळी गुण भरून द्यायचे. वाक्प्रचारांचा प्रश्न चालू होता. ‘छाती दडपणे’ याच्यापुढे एका मुलाने अर्थ लिहिलाच नव्हता, थेट वाक्यच होतं : ‘फीची चिठ्ठी वाचून बाबांची छाती दडपली.’ मी लाल शाईने एक गुण कापला, पान उलटलं, आणि माझ्या डाव्या बरगडीआड कुणीतरी कडी वाजवली. अगदी हलकेच, अपरात्री आलेला पाहुणा घर जागं होऊ नये अशा बेताने वाजवतो तशी. मी दुर्लक्ष केलं. पाहुणा मात्र आत येऊन बसला, आणि बसला तो ऐसपैस.

अहोंच्या मते ती ॲसिडिटी होती. सासूबाईंनी ओवा आणि काळं मीठ तळहातावर ठेवलं. मुलाने मोबाइलमध्ये काहीतरी वाचलं आणि तो माझ्यापेक्षा जास्त घामाघूम झाला. मी मात्र, खरं सांगते, उरलेले चौऱ्याण्णव पेपर कोण तपासेल या विचारात होते. दवाखान्यात जायचं म्हणून साडी नेसायला घेतली, तर निऱ्या जमेनात. तशातही पदराला लावायची पिन शोधण्यात पाच मिनिटं गेली. मग रिक्षा. हे सगळं ऐकून तिथली डॉक्टर मुलगी म्हणाली, “काकू, छातीत दुखलं की साडी बदलायची नसते, १०८ला फोन करायचा असतो.” वर्गात मी ज्या सुरात बोलते, अगदी त्याच सुरात.

मग तिने विचारलं, “कसं दुखतंय? टोचल्यासारखं, आवळल्यासारखं, की जळजळल्यासारखं? हातात, जबड्यात कळ जाते का?” आणि तीस वर्षं मराठी शिकवणारी मी गप्प झाले. या भाषेने काय काय ठेवलंय छातीत! इथे धस्स होतं, चर्र होतं, ठोका चुकतो, घरं पडतात, पाणी पाणी होतं. आजीच्या काळजात तर ‘कालवाकालव’ व्हायची. मामाची एसटी यायला उशीर झाला की ती ओसरीवर बसून पदराखालून छातीवर हात फिरवत राही. गाडीचा हॉर्न ऐकू आला की तोच हात चुलीपुढच्या फुंकणीकडे जाई. तिला कुणी कधी डॉक्टरकडे नेलं नाही. ‘जिवाला घोर लागलाय,’ इतकं निदान घराला पुरत असे. त्यातही गंमत अशी, की खाटकाकडे काळीज मागितलं तर तो यकृत देतो. म्हणजे शतकानुशतकं आमची धडधड आम्ही चुकीच्या खात्यावर मांडत आलो की काय कोण जाणे. मी शेवटी म्हटलं, “दुखतंय हो, एवढंच.” तिने ते तसंच लिहून घेतलं. गुण कापला नाही.

छातीवर सहा आणि हातापायांना चार तारा लागल्या. यंत्रातून गुलाबी चौकटींचा कागद सरसरत बाहेर आला. माझं आयुष्य कागदांतच गेलेलं, त्यामुळे तो पाहून उगीचच धीर आला. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरला एका तरुणीच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला, तेव्हा त्याने कागदाची घट्ट सुरळी करून तीतून ठोके ऐकले. स्टेथोस्कोपचा जन्म असा भिडस्तपणातून झाला. मीही पिन शोधतच इथवर आले होते.

आलेख ठीक होता, तरी रक्त तपासलं, आणि काही तासांनी पुन्हा तपासलं. कारण हृदयाला इजा झाली असेल तर ती रक्तात दिसायला वेळ लागतो. त्या मधल्या वेळात डॉक्टर मुलगी स्टुलावर टेकली आणि तिने ताकोत्सुबोची हकिकत सांगितली. ताकोत्सुबो म्हणजे जपानी कोळ्यांचं ऑक्टोपस पकडायचं मडकं, तोंडाशी अरुंद, तळाशी फुगीर. मोठा धक्का बसला की कधी कधी, विशेषतः उतारवयातल्या बायकांचं हृदय तसा आकार घेतं. लक्षणं हुबेहूब हृदयविकाराच्या झटक्याची. बहुतेकांचं पुढे काही आठवड्यांत सावरतं. “माझं झालंय का मडकं?” मी विचारलं. ती हसली. “नाही. तुमच्या बरगड्यांमधले स्नायू आखडलेत, आणि तुम्ही श्वास अर्धाच घेताय. पण ताणामुळे दुखलं म्हणजे खोटं दुखलं असं नाही हं. आणि हे तपासल्याशिवाय घरी बसून कळत नाही. पुन्हा दुखलं तर पुन्हा या. काय झालंय एवढं? कसला ताण आहे?”

सांगायला गेले तर कारणं दोन ओळींत संपली. मोतीबिंदू, कर्जाचा हप्ता, गठ्ठे. फीची चिठ्ठीसुद्धा अशीच असते, चार ओळींची.

पहाटे घरी आलो. सासूबाई ओवा हातात घेऊन जाग्याच होत्या. त्यांनी दिलेली चिमूट मी चावून टाकली, मग टेबलाशी बसून तो पेपर शोधून काढला आणि कापलेला गुण परत दिला. पहिल्या पानावरची बेरीज खोडावी लागली. एकोणपन्नासाचे पन्नास झाले.