बिनकामाचा वारसा

साताऱ्याचं कास पठार वर्षातून जेमतेम काही आठवडे फुलतं, एरवी नुसतं पडून असतं. तरी २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा झालं. सांगलीत आमचा पुतण्या आयर्विन पुलाजवळ, कृष्णाकाठी, भडंग खात निवांत बसला की मात्र लोक गाडी थांबवून विचारतात, ‘सध्या काय करतोस?’ केवढी ही आस्था! पुण्यात फ्लॅट, गावी ऊस, पण उसात पाय नको, एवढीच तर त्यांची त्याच्याकडून माफक अपेक्षा. समाधानी इसमांना तलाठ्यामार्फत ‘कारणे दाखवा’ नोटीस द्यावी, दंड गृहकर्जाच्या हप्त्यांनी वसूल करावा, ही नम्र सूचना. काल एक प्रश्नकर्ते गाडीतून उतरलेच. म्हणाले, ‘जरा सरक. कांदा घातलायस का?’